आधी काढ ते!

"आधी काढ ते!"

हे मी इतक्या जोरात ओरडलो की पुतणीच्या हातातून वायर सुटली. झालं होतं एवढंच, की तिला माझ्या टेबलाच्या खणात तो जुना म्युझिक प्लेअर सापडला. काडेपेटीपेक्षा जरा लांबट, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, आणि त्याच्याभोवती त्याचीच वायर करकचून गुंडाळलेली. "काका, हे काय आहे?" असं विचारत तिनं वायर उलगडली आणि उत्तराची वाट न बघता ती माझ्या लॅपटॉपला जोडली. एरवी काहीही जोडलं की तो ओळखीचा दोन सुरांचा आवाज येतो, तो आलाच नाही. पडदा काळा झाला, पंखा मध्येच गप्प झाला आणि दोन-तीन सेकंदांनी लॅपटॉप आपणहून पहिल्यापासून सुरू व्हायला लागला. माझा एक अर्धवट मजकूर उघडा होता, तो गेला. त्याचं विशेष काही नाही, अर्ध्या तासात पुन्हा लिहूनही झाला. पण पोरीचा चेहरा काही डोळ्यांपुढून जाईना. तिनं काही फोडलं नव्हतं, सांडलं नव्हतं. "मी नुसतं लावलं," ती म्हणाली. नेमकं हेच वाक्य, याच प्लेअरबद्दल, २००७ साली मी तिच्या बाबांना म्हणालो होतो. आणि त्याच्या क्षणभर आधी दादा मला जे म्हणाला होता, तेच आता मी तिला म्हणून बसलो होतो.

कॉम्प्युटर दादाचा होता. म्हणजे होता घरातच, पण त्याचाच. टेबलाखाली तो उभा डबा, ज्याला आम्ही सगळे बिनदिक्कत सीपीयू म्हणायचो (खरा सीपीयू आत कुठेतरी टपाल तिकिटापेक्षा थोडा मोठा, पंख्याखाली दडलेला). वर पेटीएवढा मॉनिटर, सुरू करताना 'ठक्' करून अंग झटकल्यासारखा. डब्याच्या मागच्या जाळीतून गरम धुळीचा वास यायचा. मला तो आवडायचा, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं. प्लेअर मात्र माझा होता. एक जीबीचा. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे तेव्हाच्या नेहमीच्या दर्जाच्या गाण्याला मिनिटाला साधारण एक एमबी लागते, म्हणजे जवळजवळ सतरा तासांची गाणी खिशात. आता कुणी यावर हसेल, पण १९९८ साली असले प्लेअर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांत ३२ एमबी असायची, म्हणजे जेमतेम अर्धा तास, आणि त्यांतला रिओ नावाचा तर प्रिंटरच्या पोर्टला जोडावा लागायचा. त्या मानानं मी श्रीमंतच होतो. एक बारीक पेन्सिल सेल घातला की मी आणि माझे सतरा तास, मधे कोणी नाही.

पहिले आठ-दहा दिवस काही झालं नाही. मग एका संध्याकाळी प्लेअर जोडला, टुडुंग वाजलं, आणि मॉनिटरवर निळा पडदा चमकला. त्यावर पांढरी अक्षरं होती एवढंच दिसलं, वाचायच्या आत मशीन पुन्हा सुरू. दादा दारात उभा होता. "आधी काढ ते!" मी काढला. पुन्हा जोडला तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र निळं काही आलं नाही, सगळं एकदम विझलं, वीज गेल्यासारखं. फक्त वीज गेली नव्हती. "तुझ्या त्या डबीनं माझा कॉम्प्युटर पाडला," दादानं निकाल दिला. निकालाला पुरावा काय, तर डबी यायच्या आधी कॉम्प्युटर पडत नव्हता. पुढचे दोन दिवस येणारे-जाणारे मित्र आपापलं वैद्यकीय मत देऊन गेले. एकाला खात्री होती की व्हायरस आहे. दुसऱ्यानं सगळ्या रोगांवरचा तो एकच काढा सुचवला: फॉरमॅट मार. फॉरमॅट मारण्यावर त्या काळी लोकांची श्रद्धा होती. मनही असं फॉरमॅट मारता आलं असतं तर अर्ध्या घरानं मारून घेतलं असतं. दादाला ते परवडणारं नव्हतं, त्याचं काम त्यात होतं. मग स्वस्तातला उपाय ठरला. प्लेअरला बंदी.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, आणि कावळा माझा होता.

यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही, हे मला पुष्कळ नंतर कळलं. अमेरिकेत शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात, एप्रिल १९९८ मध्ये, बिल गेट्स मंचावर उभे असताना त्यांच्या सहकाऱ्यानं विंडोज ९८ ला एक स्कॅनर जोडला. जोडा आणि वापरा, किती सोपं, हेच दाखवायचं होतं. भल्यामोठ्या पडद्यावर निळा पडदा आला आणि सभागृह हसून हसून पडलं. म्हणूनच हे आम्ही अजून बाजारात आणलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून गेट्स यांनी वेळ मारून नेली. ती चित्रफीत मी पहिल्यांदा बघितली तेव्हा बाकीचे हसत होते त्या जागी मला त्या सहकाऱ्याचा हात दिसला. वायर अजून हातात असल्यासारखा, थिजलेला. तो हात मला ओळखीचा होता.

बंदीच्या काळात मी जे मिळेल ते वाचलं, आणि त्यात एक गोष्ट मला फारच आवडली. यूएसबीच्या भाषेत कॉम्प्युटरला होस्ट म्हणतात, म्हणजे यजमान. आणि पाहुणा आल्यावर जे काय चालतं ते खरोखरच एखाद्या जुन्या वाड्याच्या दारातल्यासारखं आहे. प्लगमध्ये चार पट्ट्या असतात, त्यांतल्या बाहेरच्या दोन, विजेच्या, मुद्दाम थोड्या लांब ठेवलेल्या. म्हणजे आत शिरताना आधी वीज पोचावी आणि बोलणं मागून सुरू व्हावं. वीज मिळाली की पाहुणा माहितीच्या दोन तारांपैकी एक तार वर खेचून धरतो. ही त्याची कडी वाजवणं. यजमान त्याला आधी रीसेट करतो, कोण तुम्ही, कुठल्या कंपनीचे, काय काम करता, हे विचारतो, आणि १ ते १२७ मधला एक क्रमांक देतो. हे सगळं होईपर्यंत पाहुण्यानं १०० मिलिअँपिअरच्या वर वीज घ्यायची नाही. ओळख पटली की मागणी करून ५०० पर्यंत. हा सगळा शिष्टाचार डोळ्याचं पातं लवण्याइतक्या वेळात उरकतो, आणि आपल्याला ऐकू येतं ते फक्त टुडुंग. आमच्याकडे पाहुणा दारात आला की यजमानच भोवळ येऊन पडत होता. पाहुण्यानं काय केलं, हे सगळे विचारत होते. यजमानाची तब्येत कशी आहे, हे कुणी विचारत नव्हतं.

दादा चार दिवस बाहेर गेला, तेव्हा मी ते विचारायचं ठरवलं.

पहिलं काम तो निळा पडदा थांबवायचं. मशीन पडलं की आपोआप पुन्हा सुरू व्हावं, अशी खूण कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये केलेली असते. ती काढली की पडदा हवा तितका वेळ तसाच राहतो. एवढी साधी गोष्ट, पण ती कळेपर्यंत आम्ही त्या पडद्याकडे विजेच्या लखलखाटाकडे बघावं तसं बघत होतो. आता तो समोर शांत उभा होता आणि मी वहीत उतरवून घेत होतो. 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही यातून काही बोध होणार नाही. कामाची गोष्ट तळाशी होती: एका फाइलचं नाव, शेवटी 'डॉट सिस'. म्हणजे कुठल्या तरी ड्रायव्हरनं (एखादं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) नको तेव्हा नको त्या मेमरीला हात घातला होता, आणि हा त्याचा पत्ता होता. ते नाव प्लेअरच्या कंपनीचं नव्हतं. मला एवढा आनंद झाला की मी रात्री एक वाजता एकटाच "नाही! नाही!" असं म्हणालो.

पण वीज गेल्यासारखं विझणं? तिथं काहीच लिहून येत नव्हतं. मग मी वहीत एक चौकोन आखला आणि त्याचे चार भाग केले. माझ्या प्लेअरच्या मेनूत जोडणीचे दोन प्रकार होते. एकात तो साध्या पेन ड्राइव्हसारखा वागायचा: कॉम्प्युटरला एक डिस्क दिसायची, तिला अक्षर मिळायचं. दुसरा एमटीपी, त्यात डिस्क प्लेअरच्याच ताब्यात राहते आणि कॉम्प्युटर फक्त 'ही फाइल दे', 'ही घे' असं सांगतो. दोन प्रकार, आणि डब्याला पोर्ट दोन ठिकाणी, पुढे आणि मागे. चार रकाने. एकेका रकान्यात दहा-दहा वेळा प्लेअर जोडायचा आणि काय झालं ते लिहायचं. पहाटेपर्यंत हेच. जोडणं, टुडुंग, काढणं, जोडणं, निळं. मागच्या पोर्टला डिस्क म्हणून जोडला की निळा पडदा, दर वेळी. मागच्याच पोर्टला एमटीपीत जोडला की काहीच नाही, दहाही वेळा गुण्यागोविंदानं. पुढच्या पोर्टला मात्र कुठल्याही प्रकारात मधूनच सगळं काळं, आणि काळं झालं नाही तर मागच्यासारखंच: डिस्क म्हणून निळं, एमटीपीत ठीक. वही समोर धरून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. आजार एक नव्हताच. दोन होते. आम्ही दोघांना एकच नाव देऊन ठेवलं होतं, कारण दोन्ही वेळा दारात एकच पाहुणा दिसत होता.

पहिल्या आजाराचं मूळ सकाळपर्यंत सापडलं. दादानं सीडी लिहिण्याचं एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. असली सॉफ्टवेअर कधी कधी आपला एक ड्रायव्हर मधल्या वाटेवर बसवून ठेवतात. येणारी प्रत्येक डिस्क त्याच्या हाताखालून जाते, नाक्यावरच्या जकातदारासारखी. त्याला आमच्या प्लेअरची डिस्क पचत नव्हती. एमटीपीत डिस्क दिसतच नाही, म्हणून जकातदारही गप्प. ते सॉफ्टवेअर मी काढलं, मशीन पुन्हा सुरू केलं, प्लेअर मागे डिस्क म्हणून जोडला. टुडुंग. खिडकी उघडली, माझी सगळी गाणी ओळीनं. दादा आला तेव्हा मी हे त्याला ज्या थाटात सांगितलं, तो थाट आठवून आज मला जरा कसंतरी होतं. वही दाखवली, फाइलचं नाव दाखवलं, "तूच टाकलं होतंस" हेही म्हणालो, दोनदा. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, वहीतला चौकोन बोट फिरवत बघितला आणि "बरं, जोड मग," एवढंच म्हणाला. माफी वगैरे आमच्याकडे कोणी मागत नाही.

दुसऱ्या आजाराचं मी त्याला सांगितलं नाही.

तो मी आदल्याच दिवशी दुपारी शोधला होता. डब्याचं प्लग काढलं, जमिनीवर पालथा पडलो आणि पुढच्या पोर्टात टॉर्च मारला. आत प्लॅस्टिकची एक पातळ जीभ असते, तिच्यावर चार सोनेरी पट्ट्या. जीभ कडेला तडकली होती आणि टोकाची पट्टी, पाच व्होल्टची, उचकटून वर आली होती. प्लग आत शिरताना ती त्याच्या बाहेरच्या पत्र्याला टेकायची, आणि पत्रा म्हणजे अर्थिंग. शॉर्ट. मदरबोर्डवर यासाठी छोटासा फ्यूज असतो, तापला की वाट अडवतो आणि निवला की पुन्हा मोकळी करतो. पण त्याला तापायला जो वेळ लागतो तेवढ्यात पुरवठा बसतो आणि मशीन विझतं. प्लग जरा तिरका गेला तर टेकायची नाही, म्हणून कधी काळं व्हायचं, कधी नाही. हे सगळं कळायला मला दोन मिनिटं लागली. ती जीभ कशी तडकली, हे आठवायला तेवढीही लागली नाहीत. यूएसबीचा प्लग पहिल्यांदा उलटा असतो, फिरवला की पुन्हा उलटा असतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. प्लेअर घेतल्यावर पहिल्या आठवड्यात, अंधारात, दिवा लावायचा कंटाळा करून, तो जात नाही म्हणून मी तो दाबला होता. 'कट्' असा बारीक आवाज आला होता. मी तो ऐकला होता. ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, आणि इतकं नीट केलं होतं की चौकोन आखेपर्यंत खरोखर विसरलोही होतो.

सुईच्या टोकानं ती पट्टी मी हळूहळू खाली बसवली. श्वास रोखून. मग दादाला म्हणालो, पुढचा पोर्ट जरा सैल आहे, मागचाच वापरू. सैल. शब्द निवडायला मला मुळीच वेळ लागला नाही, हे मात्र लक्षात राहिलं आहे. तो "हं" म्हणाला, आणि तो कॉम्प्युटर भंगारात जाईपर्यंत दर वेळी टेबलाखाली वाकून, हात मागे घालून, चाचपडत मागच्या पोर्टला वायर जोडत राहिला. पेन ड्राइव्ह असो, कॅमेरा असो. एकदा उठताना त्याचं डोकं टेबलाच्या कडेला चांगलं आपटलं. मी तिथंच बसलो होतो, कानात गाणी घालून.

असो. तर परवाचा लॅपटॉप. ओरडून झाल्यावर मी पुतणीला म्हणालो, थांब, नीट बघू. खरं सांगायचं तर मनात निकाल तयार होता: प्लेअर या वेळीही निर्दोष असणार, दोष माझ्या लॅपटॉपच्या पोर्टातच असणार, आणि मग मी तिला 'बघ, उगाच ओरडलो' असं मोठ्या मनानं म्हणणार. टॉर्च मारला. पोर्ट स्वच्छ, चारही पट्ट्या जागच्या जागी. पेन ड्राइव्ह लावला, चालला. जुन्या हार्ड डिस्कच्या खोक्यात तसल्याच तोंडाची दुसरी वायर होती, तिनं प्लेअर जोडला. धडधड होत होती, खोटं कशाला बोलू. टुडुंग. प्लेअरच्या नखाएवढ्या पडद्यावर निळसर उजेड आला. सेल नव्हता त्यात, तो मी कधीच काढून ठेवला होता. वायरीतून मिळालेल्या विजेवरच तो जागा झाला.

राहिली ती त्याची मूळची वायर. पुन्हा जोडून बघायचा मोह आवरला आणि मल्टिमीटर काढला. प्लगच्या बाहेरच्या दोन पट्ट्यांना दोन सुया लावल्या. दुसरं टोक मोकळं, म्हणजे इथून तिथं वीज जायला वाटच असता कामा नये. मीटर गप्प. "आता वायर वाकव," मी तिला म्हटलं. तिनं मधे वाकवली, गप्प. टोकाला, प्लगच्या मानेपाशी वाकवली आणि मीटर किंचाळला. सरळ केली, गप्प. वाकवली, किंचाळला. तिला मजा वाटायला लागली, ती तालात वाकवायला लागली. मानेपाशी काळं रबर तडकलं होतं आणि आतली चंदेरी जाळी दिसत होती. बरोबर तिथंच, जिथं इतकी वर्षं ती प्लेअरच्या कडेवरून काटकोनात वळवून करकचून गुंडाळलेली होती.

"म्हणजे माझी चूक नव्हती," ती म्हणाली.

"वायर खराब होती," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. ही मुलगी दादावर गेलेली नाही, तिला अर्धं उत्तर चालत नाही. "मी गुंडाळली होती," मी म्हणालो. "घट्ट."

मग आम्ही प्लेअरमध्ये काय आहे ते बघितलं. फ्लॅशची चिप आपले आकडे विजेच्या भाराच्या रूपात धरून ठेवते, आणि नुसती पडून राहिली तर तो भार फार हळू, पण झिरपत जातो. बरीचशी गाणी शाबूत होती. काही मध्येच टिचकायची, एकाचं शेवटचं कडवं गायबच. नावं सगळी मी तेव्हा मोठ्या कष्टानं इंग्रजीत लिहिलेली, स्पेलिंगं अशी की पुतणीनं दोन-तीन वाचून दाखवली आणि आम्ही दोघं हसलो. तळाशी एक वेगळा फोल्डर होता, आवाजाच्या नोंदींचा. प्लेअरला माइक होता, खिशात बटण दाबलं गेलं की आपोआप रेकॉर्डिंग सुरू व्हायचं. अकरा मिनिटांची एक नोंद. सुरुवातीला कापडाची घासाघीस, मग खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि मग सलग एक घरघर. मला क्षणभर कळेना हे काय आहे. तो डब्याचा पंखा होता. मी खोलीतच होतो, प्लेअर बहुधा टेबलावर ठेवलेला. कीबोर्डची टकटक, थांबून थांबून. आणि टकटकीच्या मधल्या जागेत कोणीतरी गुणगुणत होतं, स्वतःशीच, सूर सोडून, एकच ओळ घोळवून घोळवून. पुतणी हेडफोनचं एक टोक कानाला लावून ऐकत होती. "बाबा आहेत," ती लगेच म्हणाली.

रात्री ते रेकॉर्डिंग मी दादाला पाठवलं. खाली लिहिलं, "ऐक. आणि एक सांगायचं राहिलं होतं. तो पुढचा पोर्ट सैल नव्हता. मी मोडला होता." पाठवण्याआधी दोनदा वाचलं, 'मोडला' खोडून 'खराब झाला' लिहिलं, मग पुन्हा 'मोडला' केलं. पाठवून दिलं आणि फोन पालथा ठेवला.

अर्ध्या तासानं उत्तर आलं.

"कुठला पोर्ट?"

आणि त्याच्या खाली, मिनिटभरानं, "हे बेसूर कोण गातंय?"